वीस म्हणजे तेवीस

१

ग्राउहेदीच्या पठारावरून तीन पिंपं नाहीशी झाली आणि त्यापायी बेर्गुरच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. त्या हिवाळ्यात ब्लाविक गावात दुसरा विषयच नव्हता.

पिंपं पेट्रोलची. दर सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आत, गावचं बचाव पथक ती पठारावर पुरून येतं आणि वर एक काठी रोवतं. पठारावरच्या निवाऱ्याच्या दारापासून सरळ आग्नेयेला तेवीस किलोमीटर. हिवाळ्यात कोणी वर अडकलं तर शोधायला जाणाऱ्या गाडीला परतीचा आधार तेवढाच. यंदा पिंपं ठेवायला केटिल गेला होता. मग फेब्रुवारीच्या अकरा तारखेला स्कीवर गेलेली एक जोडी परतली नाही, म्हणून पथक निघालं. सोबतच्या दुसऱ्या गाडीचा पट्टा निवाऱ्यापाशीच तुटला, तरी पथकप्रमुख उल्फार नियम मोडून एकटी गाडी घेऊन पुढे गेला. शेजारी बेर्गुर. वादळ असं, की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसेना. मीटरवर अंतर मोजत दोघं जागेवर पोचले आणि खणू लागले. चार तास खणलं. पिंपं नाहीतच. टाकीतलं पेट्रोल संपलं, हीटर बंद पडला, आणि एकोणीस तासांनी दुसरी गाडी पोचली तेव्हा बेर्गुरचा पाय लाकूड झाला होता. ज्यांच्यासाठी हा सगळा जिवाचा आटापिटा केला, ती जोडी पलीकडच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याकडे पॅनकेक खात बसलेली.

आठवड्याने हवा निवळल्यावर उल्फार पुन्हा वर गेला. त्या दिवशी रोवून ठेवलेलं स्वतःचं फावडं त्याला बरोब्बर सापडलं. पिंपं नाहीत. मग गावाने काय समजायचं ते समजून घेतलं.

मार्च लागला त्या मंगळवारी सकाळी केटिल राग्नाच्या मीटर-दुरुस्तीच्या दुकानात येऊन उभा राहिला. टोपी हातात, डोळे खाली.

"राग्ना, माझं मीटर तपासून दे. शुक्रवारच्या आत."

"शुक्रवारी काय आहे?"

"पथकाची सभा. मला काढून टाकायचं, एवढाच विषय. अकरा वर्षं झाली मला पथकात. माझ्या भावाला याच लोकांनी पठारावरून खाली आणला होता, तेव्हापासून. ते मला चोर म्हणणार असतील तर मी या गावात राहत नाही. घर विकायला काढलंय. किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी बघितली असशील."

राग्नाने चिठ्ठी बघितली होती आणि तिला वाईटही वाटलं होतं. पण वाईट वाटून मीटर दुरुस्त होत नाही, हे ती तीस वर्षं लोकांना सांगत आली होती. घड्याळजीची पोर, साठीला टेकलेली, हाताला ग्रीस आणि जिभेला धार. गावातल्या पुरुषांना हत्तीच्या पायांएवढे टायर लावायचं वेड लागल्यापासून तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लोक विचारायचे, टायर मोठे केले तर मीटर का चुकतं? ती म्हणायची, "अरे, मीटर अंतर मोजत नाही, पावलं मोजतं. पोराच्या शंभर पावलांत जेवढं अंतर, तेवढं बाप्या ऐंशीत संपवतो. गाडीला बाप्याचे पाय लावलेस आणि मीटर मात्र अजून पोराची पावलं मोजतंय. ते कमीच दाखवणार!" त्यावर उपाय म्हणजे काडेपेटीपेक्षा जराशी मोठी लोखंडी डबी. आत दातेरी चाकं. मीटरच्या केबलमध्ये बसवली, की हिशेब जुळतो. या हिवाळ्यात तिने अशा पाच डब्या बनवल्या होत्या. एक केटिलला, एक डॉक्टरांना, दोन दक्षिणेतल्या टूरवाल्यांना, एक गॅरेजमधल्या स्वालाने बापाच्या ट्रकसाठी नेली होती.

"गाव म्हणतंय, पिंपं विकून तू हे टायर घेतलेस," ती कोट चढवत म्हणाली.

"मामेभावाला घोडा दिला आणि टायर घेतले! तांबडा घोडा. विचार त्याला."

"घोड्याला विचारते. तो खोटं नाही बोलणार. चल, काढ गाडी."

चर्चच्या फाटकापासून नदीच्या पुलापर्यंत साडेअकरा किलोमीटर. रस्तेवाल्यांबरोबर साखळी धरून राग्नाने स्वतः मोजलेले. केटिलच्या मनात काय आहे ते तिला कळत होतं. मीटर चुकीचं निघालं, तर पिंपं चुकून भलतीकडे पुरली गेली, इतकंच ठरेल. चूक माफ होते. चोरी होत नाही.

पुलावर गाडी थांबली. मीटरवर आकडा होता साडेअकरा. केसभरही इकडेतिकडे नाही.

"बरोबर आहे?" केटिलने विचारलं.

"माझी डबी आहे ती, बरोबरच असणार. आणि तुझ्यासाठी हेच वाईट झालं," राग्ना म्हणाली. "आता तू चुकलास असंही म्हणता येणार नाही."

२

ब्लाविकमध्ये कोणाला काही विचारायचं असेल तर सकाळी सात वाजता पोहण्याच्या तलावावर जावं. बाहेर उणे दहा, आणि गरम पाण्याच्या कुंडात सगळं गाव गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत असतं. तिथून चट्कन उठून पळ काढता येत नाही. राग्नाला ते फार सोयीचं वाटे.

बुधवारी ती कुंडात उतरली तेव्हा उल्फार कोपऱ्यात बसला होता. भुवयांवर बर्फ जमलेला. एरवी मोठ्याने हसणारा माणूस, तीन आठवड्यांत उतरून गेला होता.

"उल्फार, तुझं मीटर तपासायचंय."

"मला वाटलंच होतं तू येणार," तो म्हणाला. "केटिलने पाठवलं?"

"मला कोणी पाठवावं लागत नाही."

"हे बघ राग्ना, मला काय आनंद होतोय का? अकरा वर्षं तो माझ्या शेजारी बसलाय. पण मी तिथे होतो. बेर्गुर मला म्हणत होता, पाय लागत नाहीये रे. आणि मी खणत होतो. खाली नुसता बर्फ." "तुला वाटत असेल माझं मीटर चुकलं. चुकलंच आहे. नव्या वर्षाला मोठे टायर घातले, डबी घालायची राहिली. म्हणून तर मी पट्टी चिकटवली. वीस म्हणजे तेवीस. सगळ्या पथकाला पाठ आहे."

"टायरमधली हवा काढली होतीस?"

"बर्फात हवा न काढता कोण जातं? पण त्याने फरक पडला तर चार-पाचशे मीटरचा. तेवढं आम्ही आजूबाजूला खणलं की."

ते खरं होतं. राग्नाने मान डोलावली आणि तरीही म्हणाली, "अंग पूस आणि गाडी काढ."

पथकाची गाडी धक्क्याजवळच्या शेडमध्ये होती. मीटरच्या शेजारी चिकटपट्टीने लावलेला कागद, उल्फारच्या ठसठशीत अक्षरात: काट्यावर १० म्हणजे साडेअकरा. २० म्हणजे २३. ४० म्हणजे ४६. राग्ना गाडीखाली आडवी झाली. चेसिसवर हिवाळाभराचा चिखल आणि मीठ इंचभर चढलेलं. फक्त मीटरच्या केबलचा नट स्वच्छ होता आणि त्यावर पान्याचे ताजे चरे होते.

"गाडीचं काम कोण बघतं?"

"स्वाला. दुसरं कोण? गॅरेजमधून सुटली की इथेच असते. तिने हात लावला नाही तर ही गाडी एक दिवस चालणार नाही."

स्वाला म्हणजे बेर्गुरची होणारी बायको. तेल बदलताना केबल पुसली असेल, असं राग्नाने मनाशी म्हटलं. चर्चच्या फाटकापाशी आकडा शून्यावर आणला आणि गाडी पुलावर नेली. मीटरवर दहा. पट्टीप्रमाणे साडेअकरा.

"झालं समाधान?" उल्फारने थकून विचारलं.

समाधान कसलं! ठेवणाऱ्याचं मीटर बरोबर, शोधणाऱ्याची पट्टी बरोबर. म्हणजे पिंपं तेवीसवर ठेवली होती आणि तेवीसवर ती नव्हती. राग्नाला पहिल्यांदाच केटिलचा संशय आला आणि त्या संशयाची तिला स्वतःलाच लाज वाटली.

३

बेर्गुर अकुरेरी शहरातल्या इस्पितळात खिडकीशी पाय उंच करून पडला होता. स्वाला खुर्चीत विणत बसलेली. राग्नाने सुका मासा आणि लोणी आणलं होतं.

"देवा, माणसाचं खाणं आलं!" बेर्गुर उठून बसला. "इथे रोज उकडलेले बटाटे. राग्ना, तू माझी आई हो."

"तुझी आई माझ्या वर्गात होती. मला तुझी सगळी लक्षणं माहीत आहेत. आता सांग, त्या दिवशी काय झालं?"

त्याने सांगितलं. गावाने सांगितलं होतं तेच. पण बेर्गुरच्या बोलण्यात राग नव्हता. "केटिलने हे केलं असेल असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "आणि केलं असलं तरी तीन बोटांनी काय होतंय? सात शिल्लक आहेत. स्वाला म्हणते, तसाही मला नाचता कुठे येत होतं!"

स्वाला हसली नाही. तिचे टाके सुटले होते आणि ती ते उचलत होती.

"वर जाताना गाडी कशी होती?"

"गाडी? गाडी त्या दिवशी भन्नाट! त्या घाटरस्त्यावर ती कधी साठच्या वर जात नाही. त्या दिवशी काटा सत्तरला टेकत होता. मी उल्फारला म्हटलं, आज म्हातारीच्या अंगात आलंय. तो म्हणाला, दोन जिवांचा प्रश्न आहे, पळू दे."

"उतरणीला वारा पाठीशी असेल," स्वाला एकदम म्हणाली.

"चढ होता अगं. वारा समोरून होता."

सुई खाली पडली. स्वाला वाकून ती शोधत राहिली, जरा जास्तच वेळ.

"आणि दुसऱ्या दिवशी माझा वाढदिवस होता," बेर्गुर सुक्या माशाचा तुकडा मोडत म्हणाला. "तीस पूर्ण! स्वाला आठवडाभर मला शेडमध्ये पाऊल टाकू देत नव्हती. काहीतरी घाट घातलेला. केक असणार. मी काय, वाढदिवस स्ट्रेचरवर साजरा केला."

राग्ना निघाली तेव्हा स्वाला तिच्या मागे मागे गाडीपर्यंत आली. बिनकोटाची, थंडीत.

"केटिल खरंच घर विकणार?"

"विकायला काढलंय. शुक्रवारी निकाल."

"पण... पुरावा काय आहे त्याच्याविरुद्ध? कोणी बघितलंय का?" स्वालाचे ओठ निळे पडले होते. "त्याने स्वतः जाऊन का नाही दाखवलं मग, पिंपं कुठे आहेत ते?"

"एकट्या गाडीने पठारावर जायचं नाही, हा नियम आहे ना? तो दारोदार फिरला. त्याच्याबरोबर दुसरी गाडी घेऊन जायला एक माणूस तयार झाला नाही."

स्वालाच्या डोळ्यांत पाणी आलं ते थंडीमुळे, असं राग्ना घाट उतरेपर्यंत धरून चालली होती.

४

गुरुवारी दुपारी राग्ना पथकाच्या शेडमध्ये परत आली. काय शोधायचं ते माहीत नव्हतं, पण सत्तरला टेकलेला काटा तिच्या डोक्यातून जात नव्हता. तेच टायर, तेच इंजिन, तोच चढ, समोरून वारा. गाडीच्या अंगात येत नसतं. अंगात आलं असेल तर मीटरच्या.

उल्फारने कॉफी टाकली. टेबलावर जुन्या नकाशांच्या ढिगात निवाऱ्यातली वही पडली होती. पठारावर जाणारा प्रत्येक जण त्या वहीत लिहितो. नाव, तारीख, हवा, कुठून आलो, आणि मीटरवर किती झाले. काही जण कविताही लिहितात, त्या न लिहिलेल्या बऱ्या. वही भरली म्हणून दुसऱ्या शोधाच्या वेळी उल्फारने ती खाली आणली होती.

कॉफी निवेपर्यंत म्हणून राग्नाने पानं चाळली. जानेवारीची दहा तारीख, पथकाची गाडी, उल्फारचंच अक्षर. 'ब्लाविकहून चोपन्न. हवा छान. स्वालाने गोड क्लेनूर तळून दिलेत.'

मग फेब्रुवारीची अकरा. अक्षर घाईचं. 'ब्लाविकहून बासष्ट. शोधासाठी पुढे जातोय.'

मग अठरा. 'ब्लाविकहून बासष्ट. पिंपांसाठी.'

राग्नाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"उल्फार, हे आकडे कशाचे?"

"कशाचे म्हणजे? मीटरवर दिसला तो लिहायचा. तिथे पट्टीचा हिशेब कोण करत बसतं? निवारा काय, रस्त्यावरच आहे, डोळ्यांना दिसतो."

"मोठे टायर कधी घातलेस?"

"सांगितलं ना, दोन जानेवारीला."

"म्हणजे या तिन्ही फेऱ्या त्याच टायरवर. रस्ता तोच." तिने वही त्याच्यासमोर सरकवली. "मग जानेवारीत चोपन्न आणि फेब्रुवारीत बासष्ट कसे? रस्ता ताणला कोणी?"

उल्फारने वही हातात घेतली. जानेवारीच्या ओळीवर बोट ठेवलं, मग फेब्रुवारीच्या.

"खरं अंतर बासष्ट आहे," तो म्हणाला. "सरकारी पाटीवर आहे."

"म्हणजे अकरा तारखेला तुझं मीटर अगदी खरं बोलत होतं. कोणीतरी डबी बसवली होती. आणि तू पट्टी वाचत होतास. निवाऱ्यापासून वीस झाले आणि तू थांबलास, वीस म्हणजे तेवीस म्हणून. पण वीस म्हणजे वीसच होते रे! तू तीन किलोमीटर अलीकडे खणत होतास."

"आणि अठराला?" उल्फारने विचारलं.

"अठरालाही तेच. वर आपलंच फावडं दिसलं, मग काय, खात्रीच पटली. चूक दोनदा केली की माणसाला ती खरी वाटते."

"पण काल तू मीटर तपासलंस! काल डबी नव्हती!"

"नव्हती. काढून नेली कोणीतरी. तू अठराला परत आल्यावर." राग्नाने उरलेली कॉफी एका घोटात संपवली. स्वच्छ नट, ताजे चरे. आणि या हिवाळ्यातली पाचवी डबी. तिने वही उचलून खांद्यावर कोट टाकला. "उद्या सभेपर्यंत तोंड बंद ठेवशील?"

"कोण आहे, राग्ना?"

"मला आधी जाऊन तिचं ऐकू दे," ती म्हणाली, आणि 'तिचं' हा शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

५

गॅरेजमध्ये स्वाला एकटीच होती. राग्नाला बघून तिने हातातला पाना खाली ठेवला.

"तुझ्या बापाच्या ट्रकला मोठे टायर आहेत का गं?" राग्नाने विचारलं.

"नाहीत."

"मीही मूर्ख. गिऱ्हाइकाला चौकशा करायच्या नाहीत हा माझा नियम. तो मोडला असता तर बरं झालं असतं. कुठाय डबी?"

स्वालाने खालचा खण उघडला. डबी निळ्या कागदात गुंडाळलेली होती. वर फीतही बांधलेली, भेटीसारखी.

"वाढदिवसासाठी," ती म्हणाली. मग एकदम जमिनीवरच बसली आणि सगळं बाहेर पडलं. "बेर्गुर रोज त्या पट्टीला शिव्या द्यायचा. म्हणायचा, गाडी चालवू का पाढे म्हणू? म्हणून मी डबी बुधवारी संध्याकाळी बसवली आणि पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. म्हटलं, शुक्रवारी कॉफीच्या वेळी त्याला गाडीत बसवीन, चर्च ते पूल नेईन, आणि म्हणेन, आता फाड तो कागद. त्याने स्वतःच्या हाताने फाडायचा, एवढीच मजा होती राग्ना! कागद तिथे नसता तर त्याला आधीच कळलं असतं ना. आणि गुरुवारी मी अकुरेरीत होते, सुटे भाग आणायला. परत आले तर शेड रिकामी."

"तेव्हा कळलं तुला?"

"नाही गं! शपथ. मला वाटलं केटिलची पिंपं खरंच चोरीला गेली. वादळात मीटर कोणाच्या डोक्यात येतं? उल्फार अठराला परत आला आणि म्हणाला, मीटरवर वीस झाले आणि फावडं समोर, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी शेडमध्ये गेले आणि डबी काढली. का काढली ते मलाही माहीत नाही. काढली की झालंच नाही, असं वाटलं असेल." तिने तोंड हातांत लपवलं. "त्याची बोटं माझ्यामुळे गेली. मी त्याच्यासाठी भेट घेतली आणि त्या भेटीने त्याची बोटं नेली. हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

राग्नाला संतापायचं होतं. वाटेत येताना तिने चांगली चार वाक्यं तयार केली होती. पण समोर ती मोठी, धट्टीकट्टी बाई फरशीवर लहान पोरीसारखी बसलेली बघून तिला ती वाक्यं आठवेनात. ती तिच्या शेजारी बसली.

"बेर्गुरची तीन बोटं तू नाही नेलीस. ती वाऱ्याने नेली, उल्फारच्या घाईने नेली, तुझ्या डबीने नेली, माझ्या न विचारलेल्या प्रश्नाने नेली. वाटण्या केल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येईल. पण केटिलचे हे दोन आठवडे आहेत ना, ते एकट्या तुझे आहेत. ते कोणाशी वाटून घेता येणार नाहीत."

स्वाला मान वर न करता रडत राहिली.

"वही माझ्याकडे आहे," राग्ना उठत म्हणाली. "उद्या पाच वाजता मी सभेत ती उघडणार. पण पाच वाजायला एक मिनिट असेल तेव्हा मी दारात बूट काढायला थोडा जास्त वेळ लावीन. माझी कंबर दुखते हल्ली."

६

शुक्रवारी शेड माणसांनी भरली होती. भिंतीशी बुटांची रांग, टेबलावर कॉफीची थर्मासं, आणि क्लेनूरना कोणी हात लावलेला नाही. केटिल दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, म्हणजे उठून जायला सोपं. बेर्गुरला त्याच सकाळी घरी सोडलं होतं. तो कुबड्या मांडीवर घेऊन पुढे बसला होता.

राग्ना दारात बूट काढत होती. डाव्या बुटाची नाडी तिने तीनदा सोडून तीनदा बांधली.

स्वाला उठली. पुढे गेली आणि निळ्या कागदातली डबी टेबलावर ठेवली.

"ही बेर्गुरची भेट," ती म्हणाली. तिने सगळं सांगितलं. बुधवार, गुरुवार, पट्टी, मग अठरा तारीख, मग काढलेली डबी. कोणाचं नाव मध्ये घातलं नाही, स्वतःला सूट दिली नाही. "पिंपं जिथे केटिलने ठेवली तिथेच आहेत. तेवीसवर. हे मला पंधरा दिवस माहीत आहे आणि मी गप्प बसले."

उल्फार खाली बघत होता.

बेर्गुरने हात लांब करून डबी घेतली. फीत सोडली. दातेरी चाकं बोटाने फिरवून बघितली. डोळे पुसले.

"मला वाटलं केक आहे," तो म्हणाला. मग त्याने तिचा हात धरून तिला शेजारी बसवली आणि तो हात सोडला नाही.

आता सगळे केटिलकडे बघत होते. उल्फार उठून त्याच्यापर्यंत गेला. त्याला बोलायची सवय होती, माफी मागायची नव्हती. "मी... मी तुला ओळखायला हवं होतं," तो कसंबसं म्हणाला. "मीटरआधी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

केटिल बराच वेळ टोपी फिरवत राहिला. राग्नाला वाटलं, उठून जाणार हा. हक्कच आहे त्याचा.

तो उठला आणि स्वालासमोर जाऊन उभा राहिला.

"दोन आठवडे मी दुसरी गाडी शोधतोय," तो म्हणाला. "पठारावर दोन गाड्या लागतात. उद्या सकाळी आठला मी निघतो. दुसरी गाडी तू चालव."

स्वालाने मान डोलावली, पुन्हा पुन्हा.

शनिवारी आठ वाजता स्वालाने डबी केबलमध्ये बसवली. बेर्गुर कुबड्यांवर लंगडत आला, गाडीच्या दारातून आत वाकला, आणि चिकटपट्टीसकट तो कागद ओढून काढला. "वीस म्हणजे वीस," त्याने जाहीर केलं आणि कागदाचा बोळा उल्फारच्या खिशात कोंबला.

पुढे केटिलची गाडी, शेजारी राग्ना. साठीच्या बाईने पठारावर जाऊ नये असं चार जणांनी सांगितलं म्हणून तर ती हट्टाने बसली होती. मागे स्वाला आणि उल्फार. निवाऱ्यापासून आग्नेयेला. वीसवर उल्फारचं फावडं मागे पडलं. कोणी थांबलं नाही. एक बुटका चढ आला, पलीकडे पुन्हा पांढरं. तेवीसवर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. दोन्ही मीटरांवर एकच आकडा.

काठी दिसेना. वादळाने बुंध्याशी मोडली होती. उल्फार लोखंडी सळई घेऊन गुडघ्यांवर बसला आणि दर पावलाला बर्फात खुपसू लागला. पाचव्या वेळी खालून आवाज आला. ठण्. त्याने सळई टाकली आणि हातांनीच बर्फ उपसू लागला, हातमोजे काढून. स्वाला त्याच्या शेजारी बसली. लाल पिंपाचं झाकण वर आलं तसा केटिल तोंड फिरवून दूर जाऊन उभा राहिला, आणि राग्नाने त्याला तिथे एकट्याला उभं राहू दिलं.

परतताना निवाऱ्यात थांबले. नवी कोरी वही टेबलावर होती. उल्फारने पेन उघडलं, थांबला, आणि ते केटिलच्या हातात दिलं.

केटिलने लिहिलं: 'पाच मार्च. ब्लाविकहून बासष्ट. पिंपं तीन, जागेवर.' पेन बंद केलं. मग पुन्हा उघडलं आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले.

'दोन गाड्या.'